काटेरी तारेआडची साहेबी

१७ एप्रिल १९४२ रोजी सॅक्सनीतल्या कोनिग्श्टाइन किल्ल्याच्या तटावरून फ्रेंच सैन्याचे एक जनरल दोराला धरून खाली उतरले. वय ६३, उंची सहा फुटांच्या वर, एक पाय अधू. नाव आंरी जिरो. खाली पोचल्यावर त्यांनी मिशी उतरवली, डोक्यावर टिरोली टोपी चढवली आणि आगगाडीने प्रवास करत स्वित्झर्लंड गाठले. हिटलरचा संताप झाला. हिमलरने या माणसाला शोधून मारण्याचा हुकूम सोडला. जिरोंसाठी हे नवे नव्हते. १९१४ मध्ये कॅप्टन असताना ते जखमी होऊन जर्मनांच्या हाती लागले होते, आणि तेव्हाही सर्कशीतला कामगार असल्याची बतावणी करून निसटले होते.

सिंहगडाची गोष्ट ऐकत वाढलेल्या वाचकाला कड्यावरच्या दोराचे कौतुक काय सांगायचे! पण मला त्या तटापेक्षा दोरातच जास्त रस आहे. दीडशे फुटांचा तो दोर जिरोंनी पार्सलांना बांधून येणारी सुतळी साठवून, तिला आतून तारेचे बळ देऊन स्वतः वळला होता. हे काम एका रात्रीत होत नाही. घरच्यांशी सांकेतिक भाषेत पत्रे लिहायची, आजूबाजूच्या मुलखाचा नकाशा तोंडपाठ करायचा, जर्मन बोलणे सुधारायचे. या सगळ्याला निवांत वेळ लागतो. कैद्याला हा वेळ दिला कोणी? त्याच सुमाराला जर्मनीत लाखो फ्रेंच शिपाई कैदेत होते. ते शेतात बटाटे काढत होते, कारखान्यांत राबत होते, आणि रात्री अंग टाकले की झोपत होते. त्यांनी दोर कधी वळायचा?

जनरलसाहेबांना वेळ दिला तो कायद्याने. जर्मनीतल्या अधिकारी-छावण्यांची कोणतीही कथा घ्या, भुयाराची, नाटकाची वा ग्रंथाची, तिच्या मुळाशी हा फुरसतीचा वेळच सापडतो. आणि तो सगळ्यांना सारखा मिळाला नाही.

२७ जुलै १९२९ रोजी जिनिव्हात युद्धकैद्यांविषयीचा करार झाला. ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी यांनी तो स्वीकारला. ब्रिटिश अमलाखालच्या हिंदुस्थानची सहीही त्यावर वेगळी होती. या करारात अधिकारी आणि शिपाई यांच्यातली रेघ ठळकपणे आखलेली आहे. शिपायाला कामाला जुंपता येते. नाईक-हवालदारांच्या पायरीवरच्यांना फक्त देखरेखीचे काम देता येते. अधिकाऱ्याला मात्र त्याने स्वतः मागितल्याखेरीज कामच देता येत नाही. त्याला कैदेतही पगार मिळतो, पकडणाऱ्या सैन्यातल्या त्याच हुद्द्याच्या हिशेबाने. जर्मनीत हा पगार छावणीपुरत्या छापलेल्या नोटांत मिळे. बाहेर त्या नोटांना कोणी विचारत नसे, ही गोष्ट वेगळी. अधिकाऱ्याने सलाम करायचा तो फक्त बरोबरीच्या किंवा वरच्या हुद्द्याच्या शत्रूला. आणि सगळ्यांत गमतीचे कलम असे की, अधिकाऱ्यांच्या छावणीत त्यांच्याच सैन्यातले, त्यांचीच भाषा बोलणारे पुरेसे शिपाई चाकरीला ठेवावेत. म्हणजे साहेब तारेआड गेला, तरी त्याचा ऑर्डर्ली त्याच्या मागोमाग आत.

पळून जाण्याबद्दलही करार उदार होता. पळताना सापडलेल्या कैद्याला जास्तीत जास्त ३० दिवसांची कोठडी. पळणे हा गुन्हा नव्हे, शिस्तभंग. या एका कलमामुळे पलायन हा जवळजवळ खेळ झाला. हरलात तर महिनाभर एकांत, मग पुन्हा डाव मांडायला मोकळे.

जर्मनांनी छावण्यांची व्यवस्था नेमकेपणाने लावली होती. शिपायांच्या छावणीला ‘श्टालाग’, अधिकाऱ्यांच्या छावणीला ‘ओफ्लाग’. पुढे लष्करी जिल्ह्याचा रोमन आकडा आणि एक अक्षर. वैमानिकांच्या छावण्या हवाई दलाने स्वतःकडे ठेवल्या होत्या. या ओफ्लागांपैकी जगाला एकच नाव पाठ आहे: ओफ्लाग चार-सी, म्हणजेच कोल्डिट्झ.

लाइपझिग आणि ड्रेस्डेन यांच्या मधल्या भागात, मुल्डे नदीच्या काठी हा गढीवजा किल्ला उभा आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे मनोरुग्णालय होते. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये त्यांनी आपल्या राजकीय विरोधकांना तिथे कोंडले. महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मन सेनेने ठरवले की, इतर छावण्यांतून पळालेले, उपद्व्यापी, ‘जर्मनद्वेष्टे’ अधिकारी या एकाच ठिकाणी ठेवायचे. विचार वरवर पाहता शहाणपणाचा होता. प्रत्यक्षात त्यांनी युरोपभरातले पलायनाचे उस्ताद एका वाड्यात आणून बसवले आणि त्यांना दिवसभर दुसरे काही कामही ठेवले नाही. पोलिश, फ्रेंच, बेल्जियन, डच, ब्रिटिश, सगळे एका अंगणाभोवती. एकमेकांची भुयारे एकमेकांना छेदू नयेत म्हणून या राष्ट्रांना आपसात बोलणी करावी लागत. राष्ट्रसंघाला जे जमले नाही ते इथे बऱ्यापैकी जमले.

पहिला घरी पोचला तो फ्रेंच लेफ्टनंट आलँ ल रे, एप्रिल १९४१ मध्ये. ब्रिटिशांपैकी पहिला एअरी नीव्ह. त्याचा आधीचा प्रयत्न सांगण्यासारखा आहे. पोलिश डगल्याला नाटकाच्या पडद्यांचा रंग फासून त्याने जर्मन गणवेश बनवला होता. अंगणातल्या अंधारात तो ठीक दिसला. फाटकाजवळच्या झगझगीत दिव्याखाली मात्र तो पोपटासारखा हिरवागार चमकू लागला. पुढच्या वेळी, ५ जानेवारी १९४२ रोजी, त्याने डच अधिकारी टोनी लटाइन याच्याबरोबर नाटकाच्या रंगमंचाखालून वाट काढली. डच डगले मुळातच जर्मन डगल्यांसारखे दिसत. दोघे जर्मन अधिकारी बनून पहारेकऱ्यांसमोरून रुबाबात चालत बाहेर पडले आणि स्वित्झर्लंडला पोचले. हाच नीव्ह पुढे न्यूरेंबर्गला नाझी पुढाऱ्यांच्या कोठड्यांत जाऊन त्यांच्या हातात आरोपपत्रे देणारा अधिकारी झाला, नंतर खासदार झाला, आणि १९७९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या आवारात आयरिश अतिरेक्यांनी मोटारीत ठेवलेल्या बॉम्बने मारला गेला.

एका फ्रेंच लेफ्टनंटाने बाईचा वेष घेतला होता. फिरायला नेलेल्या कैद्यांच्या रांगेतून तो शिताफीने बाजूला झाला आणि उलट दिशेने चालू लागला. वाटेत ‘बाईंचे’ घड्याळ खाली पडले. समोरून येणाऱ्या ब्रिटिश कैद्यांनी सभ्यपणाने हाका मारून ते बाईंच्या लक्षात आणून दिले. बाई थांबेनात, म्हणून पहारेकरी पुढे झाला, आणि सोंग उघडे पडले. इंग्रजी शिष्टाचाराचा असा फटका मित्रराष्ट्राला क्वचितच बसला असेल.

या सगळ्याला तोंड देणारा सुरक्षा अधिकारी राइनहोल्ड एगर्स हा पेशाने शाळामास्तर. पोरे खोड्या काढणारच आणि आपण चिडायचे नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. जप्त केलेल्या खोट्या चाव्या, वेष, दोर यांचे त्याने एक छोटे संग्रहालयच मांडले होते. कोठडीच्या शिक्षा इतक्या झाल्या की किल्ल्यातल्या खोल्या पुरेनात, गावातला तुरुंग वापरावा लागला. युद्धानंतर एगर्सला रशियनांनी पकडले आणि तो सुमारे दहा वर्षे तुरुंगात होता. त्याच्या वाट्याला जिनिव्हा करार आला नाही.

आणि ते विमान. १९४४ च्या सुमाराला बिल गोल्डफिंच, जॅक बेस्ट आणि टोनी रोल्ट या त्रयीने प्रार्थनाघरावरच्या माळ्यात खोटी भिंत उभारून तिच्यामागे चक्क ग्लायडर बांधायला घेतले. लाकूड पलंगांचे आणि जमिनीच्या फळ्यांचे, तारा विजेच्या, पंखांवरचे कापड झोपण्याच्या चौकटीदार खोळींचे. ते ताठ बसावे म्हणून वर उकडलेल्या भरड धान्याची खळ. काँक्रीट भरलेला न्हाणीचा टब उंचावरून खाली सोडायचा आणि त्याच्या ओढीने विमान छपरावरून फेकायचे, अशी योजना. एप्रिल १९४५ च्या मध्यावर अमेरिकन फौजा आल्या आणि विमान माळ्यावरच राहिले. पुढे २००० मध्ये त्याची हुबेहूब प्रतिकृती इंग्लंडात उडवली गेली, तेव्हा ते पाहायला गोल्डफिंच आणि बेस्ट हजर होते.

चित्रपट निघाले, बीबीसीची मालिका निघाली, सोंगट्यांचा खेळही निघाला. या सगळ्यात एक गोष्ट सोयीस्करपणे पडद्याआड राहते. किल्ल्यात भांडी घासणारे, पलंग आवरणारे, पाणी तापवणारे ब्रिटिश शिपाईही होते. पळून जाण्याच्या योजनांत त्यांना जागा नव्हती. भुयार साहेबांचे, आणि साहेब भुयारात असताना चहा करणारा वेगळा. डग्लस बेडर हा दोन्ही पाय गमावलेला आणि तरीही लढाऊ विमान चालवणारा वैमानिक ऑगस्ट १९४२ मध्ये इथे आला. इंग्लंडात तो दंतकथा होता. त्याला पाठुंगळीवर घेऊन जिने चढवण्या-उतरवण्याचे काम अॅलेक्स रॉस या ऑर्डर्लीकडे होते. १९४३ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत रॉसला मायदेशी जाण्याची संधी आली. बेडरने त्याला जाऊ दिले नाही. हा आपला माणूस आहे, तो इथेच राहील, एवढेच कारण. रॉस आणखी दोन वर्षे बेडरला वाहत राहिला. बेडरच्या शौर्याविषयी मला शंका नाही. पण शौर्य आणि माणुसकी एकाच हाडामांसात राहतात, असे मानण्याची आपली सवय सोडायला हवी.

ब्रिटिश आठवणींनी पलायनाचा इतका गवगवा केला की, या छावण्यांतले बहुसंख्य अधिकारी कधीच पळाले नाहीत, हे विसरायला होते. त्यांनी काय केले, ते मला भुयारांहून जास्त थक्क करणारे वाटते.

फेर्नां ब्रोदेल हा फ्रेंच इतिहासकार १९४० मध्ये पकडला गेला. आधी माइन्झच्या आणि १९४२ पासून ल्युबेकच्या ओफ्लागमध्ये त्याने भूमध्य सागराच्या जगाविषयीचा आपला महाग्रंथ लिहून काढला. टिपणे फ्रान्समध्ये, हाताशी पुस्तके थोडी. बाकी सगळे आठवणीतून. शाळकरी वह्या भरत गेल्या आणि एकेक करून पॅरिसला गुरू ल्युसियँ फेव्रकडे जात राहिल्या. १९४९ मध्ये ग्रंथ छापून आला आणि इतिहासलेखनाची दिशा बदलली. लढाया आणि तह हा वरचा फेस, खरा इतिहास डोंगर, समुद्र, वारे, व्यापारी वाटा यांच्या संथ गतीत असतो, हा त्याचा विचार. रोज सकाळ-संध्याकाळ हजेरीसाठी उभे राहणाऱ्या आणि लाउडस्पीकरवर जर्मन विजयाच्या बातम्या ऐकणाऱ्या माणसाला घटनांकडे पाठ फिरवावीशी वाटली, यात नवल नाही.

ऑस्ट्रियातल्या एडेलबाखच्या ओफ्लागमध्ये गणितज्ञ जाँ लरे होता. द्रवांच्या गतीचे गणित हा त्याचा मूळ विषय. जर्मनांना हे कळले तर ते आपल्याला युद्धाच्या कामाला जुंपतील, अशी त्याला धास्ती होती. म्हणून त्याने आपण शुद्ध, निरुपयोगी गणिताचे अभ्यासक असल्याचे दाखवले आणि संस्थितिशास्त्राकडे वळला. त्या निरुपयोगी गणितातून विसाव्या शतकातल्या गणिताची काही महत्त्वाची हत्यारे निघाली. लरे छावणीतल्या विद्यापीठाचा प्रमुखही होता. तिथल्या परीक्षा पुढे फ्रान्सने ग्राह्य धरल्या. याच छावणीत कैद्यांनी चोरून आणलेल्या सुट्या भागांतून कॅमेरा जुळवला, तो पोकळ केलेल्या जाडजूड शब्दकोशात लपवला आणि छावणीतले जगणे चित्रित केले. सप्टेंबर १९४३ मध्ये इथूनच शंभराहून अधिक अधिकारी भुयारातून बाहेर पडले. जवळजवळ सगळे पुन्हा पकडले गेले. दुसरीकडे पोमेरेनियातल्या छावणीत पॉल रिकर हा तरुण तत्त्वज्ञ जर्मन तत्त्वज्ञ हुसेर्लच्या पुस्तकाचे फ्रेंच भाषांतर करत होता. कागद नव्हता, म्हणून तो पुस्तकाच्याच समासात बारीक अक्षरात लिही. हुसेर्ल जन्माने ज्यू, नाझींनी वाळीत टाकलेला. त्याच्या विचाराची राखण एक फ्रेंच कैदी जर्मन पहाऱ्यात करत होता.

वोल्डेनबर्गच्या ओफ्लागमध्ये हजारो पोलिश अधिकारी होते. १९४४ चे लंडन ऑलिंपिक युद्धामुळे रद्द झाले, तेव्हा त्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये आपले ऑलिंपिक भरवले. कापडाचा ध्वज शिवला, छावणीपुरती टपाल तिकिटे छापली. जर्मनांनी परवानगी दिली, पण तलवारबाजी, तिरंदाजी, भालाफेक आणि बांबूउडी वगळून. पहिली तीन का वगळली ते कळतेच. चौथीसाठी तारेची उंची आठवावी.

हे सगळे वाचताना या छावण्या म्हणजे वसतिगृहे होती असे वाटू लागते. तसे नव्हते. भूक सतत होती. जर्मन शिधा म्हणजे काळा पाव, बटाटे, पातळ सूप. माणसे तगली ती रेड क्रॉसच्या पार्सलांवर. सुमारे पाच किलोच्या त्या खोक्यात दूध पावडर, डबाबंद मांस, चॉकलेट, साबण, सिगारेटी. आठवड्याला माणशी एक, अशी अपेक्षा. प्रत्यक्षात अर्धे, कधी पाव. १९४४ च्या अखेरीस रेल्वेमार्गांवर बॉम्ब पडू लागले आणि पार्सले आटली, तेव्हा हेच अधिकारी सालींचे सूप करू लागले. लंडनमधल्या पलायन-विभागाने रेशमावर छापलेले नकाशे, होकायंत्रे, जर्मन नोटा खेळांच्या पटांतून आणि खोट्या धर्मादाय संस्थांच्या नावे छावण्यांत पाठवल्या. पण रेड क्रॉसच्या पार्सलांत त्यांनी काहीही लपवले नाही. एक नकाशा सापडला असता, तर लाखोंच्या तोंडचा घास गेला असता. युद्धात पाळलेल्या नियमांची यादी फार मोठी नाही. तिच्यात हा एक येतो.

आता रेघेच्या पलीकडे जाऊ.

सोव्हिएत रशियाने १९२९ च्या करारावर सही केलेली नव्हती. जर्मनीला एवढे निमित्त पुरले. जून १९४१ नंतर सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिक जर्मनांच्या हाती लागले. त्यांतले सुमारे ३३ लाख मेले, उपासमारीने, थंडीने, रोगाने, गोळ्यांनी. ब्रिटिश-अमेरिकन कैद्यांत हेच प्रमाण शंभरात चारच्या आसपास होते. जर्मन गुप्तहेर खात्याचे प्रमुख कानारिस यांच्या कार्यालयाने सप्टेंबर १९४१ मध्ये लेखी आक्षेप घेतला होता: करार नसला, तरी कैद्याला विनाकारण मारू नये हा युद्धाचा जुना रिवाज आहे. फील्ड मार्शल कायटेलने तो झटकून टाकला. दिलदार युद्धाच्या कल्पना इथे लागू नाहीत, हे एका विचारसरणीचा नायनाट करण्याचे युद्ध आहे, असा त्याचा शेरा. राजकीय अधिकारी सापडला की जागीच गोळी घाला, हा हुकूम तर आधीच सुटला होता.

हामेलबुर्गला अधिकाऱ्यांच्या छावण्या होत्या. तिथल्या सोव्हिएत अधिकाऱ्यांत जनरल द्मित्री कार्बिशेव होते, किल्लेबांधणीचे नामांकित तज्ज्ञ. जर्मनांनी त्यांना आपल्याकडे वळवण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. ते बधले नाहीत. फेब्रुवारी १९४५ मध्ये माउटहाउझेनच्या छळछावणीत त्यांना इतर कैद्यांबरोबर कडाक्याच्या थंडीत उघड्यावर उभे करून अंगावर गार पाणी सोडण्यात आले. त्यात ते गेले. कार्बिशेव चौसष्ट वर्षांचे होते, जिरोंच्याच पिढीतले. दोघेही जनरल, दोघेही एकाच सैन्याचे कैदी. एकाला दोर वळायला वेळ मिळाला.

रेघ पश्चिमेकडच्या कैद्यांसाठीही कायम नव्हती. नॉर्वेत पकडलेले सात ब्रिटिश कमांडो ऑक्टोबर १९४२ मध्ये काही दिवस कोल्डिट्झमध्ये होते. तिथून त्यांना झाक्सनहाउझेनला नेऊन गोळ्या घातल्या. २४ मार्च १९४४ च्या रात्री सागानच्या वैमानिक-छावणीतून ‘हॅरी’ नावाच्या शंभर मीटर लांबीच्या भुयारातून ७६ जण बाहेर पडले. तिघे निसटले. सापडलेल्या ७३ पैकी ५० जणांना हिटलरच्या हुकमावरून गेस्टापोने ठार केले. तीस दिवसांच्या कोठडीचा खेळ तिथे संपला. जानेवारी १९४५ मध्ये कोनिग्श्टाइनहून कोल्डिट्झला नेत असताना फ्रेंच जनरल मेनी यांना वाटेत गोळी घातली गेली. एका जर्मन जनरलच्या मृत्यूचा तो बदला होता. कागदावर मात्र ‘पळून जाताना’ अशी नोंद.

आणि याच्या उलटही घडले. पोलिश सैन्यातल्या ज्यू शिपायांना जर्मनांनी कैदेतून ‘मोकळे’ केले आणि घेट्टोत पाठवले. त्यांतले बहुतेक पुढे मारले गेले. ज्यू अधिकाऱ्यांना ओफ्लागमध्ये वेगळ्या बरॅकीत टाकले, अपमान केला, पण अधिकारी म्हणून ठेवून घेतले. त्यांतले बहुतेक वाचले. १९४३ च्या जर्मनीत एखाद्या ज्यू माणसाला सर्वांत सुरक्षित जागा जर्मन सैन्याचीच कैद असावी, हे वाचून पुन्हा एकदा वाचावे लागते. खांद्यावरच्या ताऱ्याने छातीवरच्या ताऱ्यापासून वाचवले.

म्हणूनच कोल्डिट्झच्या शेकडो कैद्यांत मला एका माणसाची गोष्ट सर्वांत जास्त सांगावीशी वाटते. त्यांचे नाव डॉ. बीरेंद्रनाथ मजुमदार. बंगाली कुटुंब, जन्म गयेचा, वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेलेले. युद्ध सुरू होताच ते ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय दलात कॅप्टन म्हणून दाखल झाले. १९४० मध्ये फ्रान्समध्ये पकडले गेले. एकामागून एक छावण्यांत आपल्या रुग्णांची औषधे, अन्न, स्वच्छता यांवरून ते जर्मन अधिकाऱ्यांशी भांडत राहिले. या भांडकुदळपणाचे बक्षीस म्हणजे १९४२ मध्ये कोल्डिट्झला रवानगी. तिथे ते एकटे भारतीय.

ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्यांना ‘जंबो’ म्हणायला सुरुवात केली. पळून जाणाऱ्यांच्या यादीत आपलेही नाव घ्या, अशी त्यांनी विनंती केली. ती फेटाळली गेली. तुझा रंग लपणार कसा, हे कारण. वर हा जर्मनांचा हेर तर नसेल, अशी कुजबुज. संशयाला खतपाणी मिळाले ते बर्लिनच्या फेरीने. जर्मनांनी मजुमदारांना बर्लिनला नेऊन नेताजी सुभाषचंद्र बोस यांची भेट घडवली. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या भारतीय सैनिकांतून नेताजी तेव्हा आझाद हिंदची फौज उभी करत होते. मजुमदार ब्रिटिश राज्याचे विरोधक होते, भारत स्वतंत्र व्हावा ही त्यांची इच्छा होती. तरीही त्यांनी नेताजींचा प्रस्ताव नाकारला. घेतलेली शपथ मोडायची नाही, एवढेच. ते किल्ल्यात परतले. ज्या शपथेसाठी त्यांनी नकार दिला, ती ज्यांच्या राजाची होती, तेच त्यांच्याकडे आता जास्तच संशयाने पाहू लागले.

कराराचे नववे कलम सांगते की, भिन्न वंशांचे वा राष्ट्रांचे कैदी शक्यतो एका छावणीत ठेवू नयेत. मजुमदारांनी हेच कलम पकडले. मी भारतीय आहे, मला भारतीयांच्या छावणीत पाठवा. जर्मनांनी दाद दिली नाही. तेव्हा फेब्रुवारी १९४३ मध्ये त्यांनी अन्न सोडले.

त्या महिन्यात काय काय चालले होते पाहा. १० फेब्रुवारीला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, स्थानबद्ध असलेल्या गांधीजींनी २१ दिवसांचे उपोषण सुरू केले. त्याच सुमाराला नेताजी कीलच्या बंदरातून जर्मन पाणबुडीने पूर्वेकडे निघाले. आणि सॅक्सनीतल्या एका किल्ल्यात एक भारतीय डॉक्टर गांधीजींची वाट धरून जर्मन सैन्यापुढे उपाशी बसला होता. दोन आठवड्यांहून जास्त काळ त्यांनी तग धरला. अखेर जर्मन नमले. मजुमदारांना फ्रान्समधल्या भारतीय कैद्यांच्या छावणीत हलवण्यात आले. तिथून ते पळाले, पकडले गेले, पुन्हा पळाले. दुसऱ्या खेपेला आणखी एका भारतीय कैद्याबरोबर, फ्रेंच गावकऱ्यांच्या आश्रयाने, कित्येक आठवडे चालत ते स्वित्झर्लंडला पोचले.

कोल्डिट्झमध्ये भुयारे खणली गेली, गणवेश शिवले गेले, विमान बांधले गेले. मजुमदारांनी फक्त जेवण नाकारले. सुटून आल्यावरही संशयाने त्यांची पाठ सोडली नाही, आणि त्या पलायनाबद्दल त्यांना पदक मिळाले नाही. इंग्लंडमध्येच त्यांनी डॉक्टरकी केली. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याआधी त्यांनी आपली हकीकत ध्वनिफितींवर नोंदवून ठेवली होती म्हणून बरे. २०२२ मध्ये बेन मॅकिन्टायर यांच्या कोल्डिट्झवरच्या पुस्तकाने ती जगापुढे आणली. कोल्डिट्झवर पुस्तकांची चळत आहे. त्यात या माणसाला नीट जागा मिळायला सत्तर-ऐंशी वर्षे लागावीत, ही त्या पुस्तकांची शोभा नव्हे.

भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा गट आधी इटलीत, नेपल्सजवळच्या आव्हेर्साच्या छावणीत होता. त्यात परमशिव कुमारमंगलम होते, याह्या खान होते, टिक्का खान, याकूब खान, अभय सिंग होते, आणि आपले नरवणेही होते. ए. एस. नरवणे पुढे मेजर जनरल झाले आणि त्यांनी आठवणी लिहून ठेवल्या. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली, तेव्हा यांतले काही निसटले, इटालियन शेतकऱ्यांच्या घरी लपले. कुमारमंगलम आणि याकूब खान जर्मनांना सापडले आणि जर्मनीत नेले गेले. १९६६ ते १९६९ या काळात कुमारमंगलम भारताचे आणि याह्या खान पाकिस्तानचे लष्करप्रमुख होते. एका कोठारातला शिधा वाटून खाल्लेली माणसे. १९७१ मध्ये याह्या आणि टिक्का यांनी ढाक्यात जे केले ते पाहता, कैद माणसाला काही शिकवतेच असे नाही.

ही सगळी साहेबांची कथा झाली, कारण लिहून ठेवले ते साहेबांनी. २१ जून १९४२ रोजी टोब्रुक पडले, तेव्हा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण तिथे होती. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची पोरे आधी इटलीच्या आणि त्यांतली बरीचशी पुढे जर्मनांच्या छावण्यांत गेली. ती कोणत्या तारेआड राहिली, काय राबली, काय खाल्ले, याविषयी मराठीत जवळजवळ काहीच छापलेले नाही. तुमच्या घरात, तुमच्या गावात अशा एखाद्या आजोबांची रेड क्रॉसची पत्रे, छावणीतले फोटो, पेन्शनचे जुने कागद असतील, तर ते रद्दीत देऊ नका. त्यांच्या छायाप्रती काढा, मागे ‘हे कोण, गाव कोणते’ हे पेन्सिलीने लिहा आणि एक प्रत जवळच्या इतिहास मंडळाकडे द्या. कैद्यांची नोंदपत्रे जिनिव्हात रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीकडे जपून ठेवलेली आहेत. कुटुंबीयांना अर्ज करून त्यांतली माहिती मागवता येते. एका वेळी मोजकेच अर्ज घेतले जातात, तेव्हा उशीर करू नका.